मच्छरदाणीतली पिढी

साठ-सत्तरच्या दशकांत कोकणातल्या घरांत वाढलेल्या कुणालाही तिन्हीसांजेचा वास विचारा, तो धुराचाच सांगेल. आधी गोठ्यात शेणी पेटायची, तिच्यावर निरगुडीचा ओला पाला पडायचा, आणि गुरांच्या अंगावरच्या चिलटांची पांगापांग झाली की तेच घमेलं माजघरातून, पडवीतून फिरायचं. आई किंवा काकू पदरानं नाक दाबून पुढे, आम्ही पोरं खोकत मागे. दिवेलागणीच्या आत खिडक्या लागल्या पाहिजेत असा आजीचा दंडक होता.

मग मच्छरदाणी. चार खुंट्यांना चार नाड्या, कडा गादीखाली खोचलेल्या, आणि आत आम्ही चुलत-मामे भावंडं ओळीनं. शेवटी शिरणाऱ्यानं कड नीट खोचली नाही तर रात्रभर त्याच्या नावानं ओरडा. एक डास आत सापडला की अख्खी फळी उठून टाळ्या पिटायची. झोपेत कोपर जाळीला टेकलं तर बाहेरचा डास जाळीतूनच चावायचा, म्हणून सगळ्यांना मधे सरकायचं असे आणि कडेला कोण, यावरून रोज भांडण. दिवसा आई ती दाणी उजेडात धरून भोकं शोधायची आणि पांढऱ्या दोऱ्यानं रफू करायची. जुन्या मच्छरदाण्यांवर जाळीपेक्षा रफूच जास्त असे. एवढे उपाय झाले त्या घरात, पण सगळ्यांत खरा उपाय तोच होता, हे मी आजही ठामपणे सांगेन.

कासव छाप अगरबत्ती नंतर आली. एकमेकींत गुंतलेल्या दोन हिरव्या अगरबत्त्या न मोडता सोडवणं हे थोरल्या बहिणीचं काम, कारण तिचा हात हलका. बंद खोलीतला तो धूर छातीला बरा नव्हता, पण तेव्हा घरात कुणाच्या मनात ते आलं नाही.

हिवतापवाल्यांनाही विसरून चालणार नाही. १९५३ साली देशभर हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, १९५८ पासून निर्मूलनाचा. पाठीवर पंप घेतलेली माणसं यायची, घरातली भांडी अंगणात निघायची, भिंतींवर डीडीटीचे पांढरे ओघळ राहायचे आणि दाराशी तारीख लिहिली जायची. ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचे, क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या द्यायचे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा. १९६५ च्या सुमारास तो आकडा लाखाच्या आसपास आला. डोंगर तुडवत घरोघर फिरलेल्या त्या माणसांचं हे काम आहे. पुढे ढिलाई झाली, डासही औषधाला सरावले, आणि १९७६ साली रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले.

ढेकूण तर डीडीटीला त्याही आधी सरावले होते. आमच्याकडे ते मे महिन्यात नाहीतर गणपतीत मुंबईहून यायचे, पाहुण्यांच्या वळकटीतून. चाळीत राहणाऱ्यांचा त्यात काय दोष? आईला ते कळायचं. ‘प्रवासात दमट झालं असेल हो,’ असं म्हणत ती वळकटी उलगडून सरळ कातळावर पसरायची. पाहुण्यांचा मान राहायचा आणि कडक उन्हात काम व्हायचं. एवढ्यानं भागलं नाही तर खाट अंगणात आपटली जायची, सांध्यांत उकळतं पाणी ओतलं जायचं. साधारण पन्नास अंशांच्या वर ढेकूण आणि त्याची अंडी टिकत नाहीत. ही अक्कल औषधाच्या बाटलीपेक्षा मोठी होती. काही घरांत मात्र पोरं झोपायच्या खाटेवर ढेकणांचं औषध टिक-२० आणि रॉकेल टाकत, ते भयंकरच.

मुंबईकर भावंडांना आमच्यापेक्षा मोठ्या गांधी उठायच्या. आम्हाला वाटे, शहरातली नाजूक कातडी. खरं कारण वेगळं. डासाची मादी रक्त ओढताना लाळ सोडते, त्या लाळेशी शरीराचं भांडण होतं, हिस्टामिन सुटतं आणि खाज येते. तिथल्याच डासांनी वर्षानुवर्षं फोडलेलं अंग हळूहळू कमी भांडतं.

त्या गांधींवर आजी आमसुलाचं थंड पाणी लावायची, नाहीतर कापूर घातलेलं खोबरेल. आंब्यावर चढल्यावर हुमले, म्हणजे तांबड्या मुंग्या, चावल्या तर आधी पाण्यानं अंग धुवायचं. गांधीलमाशी डसली की विळीचं गार पातं आडवं दाबून धरायची. पानाच्या डब्यातला चुनाही कुणी लावायचं. त्यानं कोवळी कातडी भाजायची, तो नसता लावला तर बरं. बाकी बहुतेक उपायांत गुण होता तो गारव्याचा. आणि दुसरा, आजी शेजारी बसून आमचा हात धरून ठेवायची त्याचा. ‘खाजवू नको बाबा, चिघळेल,’ एवढंच म्हणत ती गांधीभोवती बोटं फिरवत राहायची. नखं लागली नाहीत तर बहुतेक चावा दोन-तीन दिवसांत बसतो. आजही नातवंडांना मी बर्फ फडक्यात गुंडाळून लावतो, कॅलामाइन लावतो आणि तसाच हात धरून बसतो. डसल्यावर तोंड सुजलं, श्वास लागला तर मात्र घरगुती काही करत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

आता डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्याला तिन्हीसांजेची दारं अडवत नाहीत. पण त्यावरचाही उपाय आमच्या घरात चालू होता, फक्त कुणी त्याला उपाय म्हणत नव्हतं. रोज सकाळी हंडे-कळश्या रिकाम्या करून राखेनं घासायच्या, शिळं पाणी अळवाला घालायचं, ताजं भरायचं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात; आमच्या आयांच्या हंड्यांत त्याला एक दिवसही मिळत नसे. विहिरीत गप्पी मासे होतेच. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी माझी बहीण आजही कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे दर रविवारी कोरडा करते, आणि सोसायटीच्या गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं बघायला सेक्रेटरींना स्वतः घेऊन वर जाते.