कार्मुकाचे काष्ठ

संस्कृत शिकविताना धनुष्याचे पर्याय मी कित्येक पिढ्यांकडून पाठ करून घेतले. ‘कार्मुक’ म्हणजे कृमुक नामक लाकडाचे, ही व्युत्पत्तीही सांगितली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, वेळू, लाकूड व शिंग अशा द्रव्यांची धनुष्ये आली आहेत, हेही सांगितले. परंतु धनुष्यास लाकूड कसे निवडावे, हे मला साठी उलटल्यावर इंग्लंडात उमगले; आणि तेही नातवाचे नुकसान करून.

नातू तेथे नोकरीनिमित्त राहतो. जुन्या इंग्रजी पद्धतीचे पुरुषभर उंच धनुष्य स्वहस्ते करावे, असा छंद त्यास जडला होता. त्यासाठी यू वृक्षाचे खोड उभे फोडून केलेले दोन फाळके त्याने पुष्कळ दिवस सुकत ठेवले होते. गाभा तांबूस, सालीलगतचा थर पांढरा. आपल्याकडे सुतार सागाचे पांढरे लाकूड चौकटीस लावीत नाही. त्यास वाळवी लागते. त्या ज्ञानाच्या बळावर मी म्हणालो, “अरे, हे पांढरे तासून टाक.”

“आजोबा, पुस्तकात निराळे लिहिले आहे,” तो चाचरत म्हणाला. पण वडिलांचा शब्द मोडवेना, त्याने तासले. प्रथमच पुरते ओढताच धनुष्य काडकन मोडले. तो एक अक्षरही बोलला नाही. ते न बोलणेच मला लागले.

पुढील रविवारी आम्ही लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून आगगाडीने पोर्ट्‌स्मथ बंदरास गेलो. आठव्या हेन्री राजाची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका १९ जुलै १५४५ रोजी तेथील समुद्रात बुडाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिचा सांगाडा वर काढण्यात आला. तिच्यातील १३७ अखंड धनुष्ये व साडेतीन हजारांहून अधिक बाण हाती लागले. मंद प्रकाशात ती धनुष्ये पाहताना माझी चूक मला कळली. धनुष्य वाकते तेव्हा त्याची पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. यूचे पांढरे लाकूड ताण सोसते, तांबडा गाभा दाब सोसतो. निसर्गाने एकाच काष्ठात केलेली ही जोडणी मी मोडली होती. शिवाय तासताना पाठीचे सलग तंतूही तुटले होते.

चांगला यू डोंगराळ, थंड प्रदेशात सावकाश वाढतो. त्याची वलये दाट, धागा सरळ व गाठी थोड्या असतात. असे लाकूड इंग्लंडात पुरेसे मिळेना, म्हणून परदेशी मालाबरोबर धनुष्याच्या दांड्या आणल्याच पाहिजेत, असा कायदा १४७२ मध्ये झाला होता. ती नौका बुडाली त्याच वर्षी रॉजर ॲस्कम याने धनुर्विद्येवर ‘टॉक्सोफिलस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला; त्यातही एल्म, ॲश या झाडांहून यूच श्रेष्ठ ठरविला आहे. ॲस्कमही पेशाने अध्यापकच; पण लाकूड हाताळून बोलणारा!

परतताना गाडीत मी नातवास म्हटले, “बाळ, चूक माझी. दुसऱ्या फाळक्यास मी हात लावणार नाही.” तो हसला व म्हणाला, “हात लावा, आजोबा. फक्त पांढऱ्याला रंधा लावू नका.”

त्या संध्याकाळी त्याने तांबडी बाजू तासावयास घेतली. मी दुसरे टोक धरून बसलो.