दोन फुटांवरचं जग

आमच्या घरात हल्ली दोन फुटांच्या खालचं सगळं लेकीच्या मालकीचं आहे. चपलांची मांडणी, ओट्याखालचा डब्यांचा कप्पा, कपाटाची खालची कडी, पलंगाखालचा अंधार. आम्ही मोठी माणसं वरच्या वर वावरतो. खालच्या या मुलखात काय काय आहे, ते मला ती चालायला लागल्यावर कळलं. जेवणाच्या टेबलाच्या खालच्या अंगाला सुतारानं पेन्सिलीनं केलेली खूण अजून शाबूत आहे. उंबऱ्याच्या फटीतून मुंग्यांची जुनी वहिवाट आहे. आणि दुपार कलली की गॅलरीच्या गजांची सावली फरशीवर उतरते, तिच्या एकेका रेघेवरून पाय उचलून पलीकडे जाता येतं. हे सगळं तिनं मला दाखवलं, बोट करून. बोलणं अजून जेमतेमच आहे. दोन वर्षं पुरी व्हायला अवकाश आहे. पण बोट अगदी नेमकं.

त्या डब्यांच्या कप्प्यात रव्याचा, पोह्यांचा, दाण्याच्या कुटाचा असे उतरत्या मापाचे स्टीलचे डबे आहेत. रिकामे झालेले तिच्या वाट्याला येतात. फरशीवर पाय फाकवून ती बसते, डबा दोन्ही पायांच्या मध्ये घेते आणि झाकण लावायला लागते. सुरुवातीला झाकण तिरकं बसायचं. एक कड आत जायची, दुसरी वर उचलली जायची. ती उचललेली कड दाबली की पहिली सुटायची. मग लहान झाकण मोठ्या डब्यावर. ते सरळ आत पडायचं, आणि तो खणखणाट ऐकून ती थबकायची, डब्यात डोकावायची, झाकण बाहेर काढून पुन्हा आत टाकायची. काही दिवसांनी हात शहाणे झाले. आता ती झाकण टेकवण्याआधी हवेतच थोडं फिरवते, कडेला कड लावून बघते आणि मग तळवा मध्यभागी आणून दाबते. मध्यभागी दाबायचं हे तिला कुणी सांगितलेलं नाही. या सगळ्या वेळात तोंड अर्धवट उघडं असतं, खालच्या ओठावर लाळ जमते, श्वास ऐकू येतो. झाकण ‘टच्’ करून बसतं. मला वाटतं, झालं. पण ती लगेच ते उपसून काढते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

त्या वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहावंसं वाटतं. त्यावर जिंकल्याचा आनंद नसतो, त्याहून शांत, त्याहून खोल काहीतरी असतं. १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरींनी आपलं पहिलं बालगृह उघडलं. तिथली तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या त्यांच्या खाचांत बसवत होती, काढत होती. मॉन्टेसरींनी बाकीच्या मुलांना गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिचं काम थांबलं नाही. चाळीसहून अधिक वेळा तिनं ते केलं आणि मग आपणहून थांबली. ती दमलेली नव्हती, ताजीतवानी दिसत होती, असं मॉन्टेसरींनी लिहून ठेवलं आहे. ही हकिगत मी पूर्वी वाचली होती. तिच्यातलं सत्य मात्र मला आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर भेटलं.

आम्ही डहाणूला राहतो, त्यामुळे ही गोष्ट इथे रोमहून फार जवळची होते. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं मोठं काम केलं होतं, आणि आता त्यांना ते खेड्यात न्यायचं होतं. बोर्डीत अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे दोघींनी कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये आयुष्य घातलं. परदेशी साधनं महाग, म्हणून त्यांनी दगड, शंख-शिंपले, बिया, पानं यांचीच साधनं केली. मुलं बालवाडीत येत नाहीत, म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर चालणाऱ्या अंगणवाडीचं मूळ त्या अंगणांत आहे. गुरं राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येत नाही, म्हणून अनुताईंनी कुरणातच शाळा भरवली. त्या टेकडीवरून जाताना मला दर वेळी या दोघी जमिनीवर बसलेल्या दिसतात. मुलाला वर ओढून आपल्या उंचीवर आणण्यापेक्षा आपण खाली बसणं त्यांनी पत्करलं. माझ्या मते महाराष्ट्रात त्या काळात झालेल्या मोठ्या कामांत हे काम फार वरचं आहे, आणि त्याचं श्रेय आपण त्या दोघींना पुरेसं दिलेलं नाही.

चालण्याची गोष्ट राहिली. लेक भिंत धरून उभी राहू लागली तेव्हा माझ्या आईनं सुताराकडून पांगुळगाडा करवून घेतला. तीन लाकडी चाकं, धरायला आडवी दांडी. मूल आत बसवून सोडून देतात तो गोल वॉकर तिला घरात नको होता. “त्यात मूल लोंबकळतं, चालत नाही,” एवढंच तिचं म्हणणं. बालरोगतज्ज्ञही त्या वॉकरपासून लांब राहायला सांगतात. कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. पांगुळगाड्यात मूल मागे उभं असतं, गाडा पुढे. तोल मुलाचा मुलानंच सांभाळायचा. गाडा फक्त हाताला सोबत देतो आणि मूल थांबलं की थांबतो. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना त्या चाकांचा जो खडखडाट व्हायचा, त्यावरून ती नेमकी कुठे आहे हे मला आतल्या खोलीतून कळायचं. मग एका संध्याकाळी खडखडाट मध्येच थांबला आणि गाड्याशिवायची पावलं माझ्या दारापर्यंत आली.

नंतर सुरू झालं पडणं. न्यू यॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांची पावलं मोजली. २०१२ साली त्यांनी जे प्रसिद्ध केलं, त्यानुसार मोकळं खेळणारं मूल तासाला सरासरी २३६८ पावलं टाकतं आणि १७ वेळा पडतं. तासाला सतरा वेळा! मोठ्या माणसानं कोणत्याही कामात एवढी आपटी खाल्ली असती तर त्यानं ते काम केव्हाच सोडलं असतं. लेक उठते आणि जिकडे निघाली होती तिकडेच जाते. पडल्यावर आधी आमचे चेहरे बघते. आमच्या चेहऱ्यावर घाबरगुंडी दिसली तरच रडते. आई म्हणते, “अगं, मुंगी मेली बघ!” आमच्या लहानपणीही हेच म्हणायचे. पण लेकीनं ते मनावर घेतलं आहे. आता ती पडली की वाकून, हातानं फरशी चाचपून, ती मुंगी शोधते. इतक्या कळकळीनं शोधते की दुखणं मागे पडतं. मग एखादी जिवंत मुंगी तिला सापडतेच, आणि ती आम्हाला बोटानं दाखवते.

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिला बोर्डीच्या किनाऱ्यावर नेतो. ओहोटीला तिथलं पाणी फार लांब जातं, सुरूच्या झाडांपासून पाण्यापर्यंत ओली वाळूच वाळू. पहिल्यांदा नेलं तेव्हा तिनं समुद्र बघून काहीतरी करावं अशी माझी इच्छा होती. तिनं समुद्राकडे पाहिलंच नाही. पायाशी बारीक खेकड्यांची बिळं होती आणि प्रत्येक बिळाभोवती वाळूच्या बाजरीएवढ्या गोळ्या मांडलेल्या. हे खेकडे वाळू तोंडाशी घेऊन त्यातला खाण्याजोगा अंश तेवढा काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. भरती आली की सगळं पुसलं जातं, पुढच्या ओहोटीला पुन्हा मांडामांड. ती उकिडवी बसली आणि एकेक गोळी बोटानं चपटी करत गेली. बऱ्याच वेळानं मीही तिच्या शेजारी बसलो. या किनाऱ्यावर मी लहानाचा मोठा झालो आहे. त्या गोळ्या इतक्या जवळून मी आयुष्यात प्रथमच पाहिल्या.

आणि आरसा. आमच्याकडे कपाटाच्या दाराला मोठा आरसा आहे. डार्विननं आपल्या थोरल्या मुलाच्या बाळपणाची टिपणं ठेवली होती. ती १८७७ साली छापून आली. मूल नऊ महिन्यांचं व्हायला थोडे दिवस असताना त्याला नावानं हाक मारली की ते आरशाकडे वळायचं, असं त्यात आहे. लेकही त्या सुमाराला आरशातल्या मुलीला हसायची, तिला बिस्किट द्यायला जायची, आरशाच्या काचेवर ओलं बिस्किट घासलं जायचं. ती दुसरीच कुणी होती. माझी आई रोज आंघोळीनंतर तिच्या गालाला काजळाची तीट लावते. गेल्या पावसाळ्यातल्या एका सकाळी तीट लागली, ती आरशासमोर गेली, थांबली, आणि तिचा हात आरशाकडे न जाता स्वतःच्या गालावर गेला. बोटाला काळं लागलं. बोट बघितलं. पुन्हा आरशात बघितलं. मी दारात उभा होतो आणि माझ्या अंगावर काटा आला.

ब्यूला ॲम्स्टरडॅम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लहान मुलांच्या नाकाला रंग लावायचा आणि त्यांना आरशासमोर आणायचं. साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मुलं आरसा सोडून स्वतःच्या नाकाला हात लावू लागतात. आरशातलं ते मीच, हे त्यांना कळलेलं असतं. आपल्या घराघरांत आज्या रोज सकाळी नातवंडांच्या गालाला तीट लावत आल्या, दृष्ट लागू नये म्हणून. आणि अशाच एका सकाळी मूल तिथे हात नेतं आणि स्वतःला सापडतं. किती घरांत ही घटका घडून गेली असेल, आणि भाकरी करपेल म्हणून कुणी मान वर केली नसेल.

स्वतःला सापडल्यावर लगेच ‘माझं’ येतं, आणि ते आलंच. चमचा माझा, उशी माझी, आजीचा चष्मासुद्धा माझा. पण त्याच्या जोडीनंच दुसरं काहीतरी आलं, ज्याची मी वाट बघत नव्हतो. आधी ती मला भरवायची ते तिच्या आवडीचं, गुळाचा खडा किंवा चिकूची फोड, बहुतेक वेळा अर्धी चघळलेली. लिंबाच्या लोणच्याचं तिला वावडं आहे. एकदा जिभेला लागलं तेव्हा सबंध अंग शहारलं होतं. परवा जेवताना मी वरणभाताबरोबर ते लोणचं चवीनं खात होतो. ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या ताटातलं संपलं तेव्हा तिनं लोणच्याची वाटी दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवली. बेटी रेपाकोली आणि ॲलिसन गॉपनिक यांनी १९९७ साली हेच दाखवलं होतं. समोरच्या बाईला ब्रोकोली आवडते आणि बिस्किटं नकोशी वाटतात, हे मुलांसमोर तिनं चेहऱ्यानं दाखवायचं, मग हात पुढे करायचा. चौदा महिन्यांची मुलं तिला स्वतःला आवडणारी बिस्किटंच देत. अठरा महिन्यांची मुलं तिला ब्रोकोली देत. चार महिन्यांत माणूस एवढं अंतर चालून जातो! दुसऱ्याची जीभ आपल्याहून वेगळी आहे, हे कळणं मोठमोठ्यांना जन्मभर जड जातं.

यातलं काहीच तिला आठवणार नाही. माणसाची पहिली आठवण बहुधा तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. त्याआधीचं झाकण, मुंगी, खेकड्यांच्या गोळ्या, सगळं आमच्याकडे राहील. कधी कधी याचं वाईट वाटतं. पण तिच्या हाताला झाकण आठवेल. मध्यभागी तळवा ठेवून दाबायचं, हे ती म्हातारपणीसुद्धा विसरणार नाही.

आमची इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्यावर. सकाळी दूध आणायला मी तिला घेऊन निघतो आणि ती उचलू देत नाही. उतरताना ती पाठमोरी होते, पोटावर झोपून एक पाय खाली सोडते, पायरी लागते का ते अंगठ्यानं चाचपते, मग दुसरा पाय आणते. चढताना हात आणि गुडघे. प्रत्येक पायरीवर काही ना काही असतंच, कधी वाळलेलं पान, कधी कुणाच्या पिशवीतून सांडलेला मटारचा दाणा. तो उचलायचा, मला दाखवायचा, पुन्हा ठेवायचा. मागून लोकल गाठणारी माणसं घाईनं येतात. चांगली माणसं आहेत सगळी, वाईट हेतू कुणाचाच नसतो. “चला, काका नेतात उचलून,” म्हणत कुणी तिला काखोटीला मारतं आणि दोन मजले झपाझप उतरून खाली उभं करतं. ती तिथे खाली उभी राहून जिन्याकडे बघत रडते. तिचे लाड कमी पडलेत असं बघणाऱ्याला वाटतं. तिच्या हातातलं काम अर्ध्यावर काढून घेतलेलं असतं.

वरच्या मजल्यावरचे आजोबा मात्र तसं करत नाहीत. ती चढत असली की हातातली पिशवी खाली ठेवून ते कठड्याला टेकतात, “चालू दे गं बाई तुझं, मला कुठे जायचंय,” म्हणतात आणि खरंच थांबतात. तिनं त्यांना आजवर त्या जिन्यातलं जे सापडेल ते आणून दिलं आहे, मटारच्या दाण्यासकट.

म्हणून हे वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या जिन्यात, एसटीच्या पायरीवर, देवळाच्या चढावर असं एखादं मूल पुढे असेल आणि तुमच्यापाशी दोन मिनिटं असतील, तर त्याला उचलू नका. दोन पायऱ्या मागे उभे राहा आणि त्याचं होऊ द्या.