पिंगळ्याचे पिवळे डोळे

तापातून उठलेल्या लेकीला घरातच रमवायचं म्हणून पवनानगरच्या एका आईनं पुठ्ठा, कात्री, खडू काढले. लेकीला घुबड हवं होतं. आईच्या मनात आधी ‘अशुभ’ डोकावलं. कुठून, कोण जाणे!

हीच भीती घालवायला पुण्याच्या इला फाउंडेशननं 2018 च्या नोव्हेंबरात पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत घुबडांचा महोत्सव भरवला. चित्रं, हस्तकला, गोष्टी यांतून मुलांना हा पक्षी भेटला.

कोणतं घुबड रंगवायचं? गव्हाणी घुबडाचा चेहरा पांढरा, बदामी आकाराचा, डोळे काळेभोर. पिंगळा तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांचा, डोळे पिवळेधमक. लेकीनं पिंगळा निवडला. आईनं डोकं धडावर टाचणीनं सैलसर बसवलं, फिरावं म्हणून. घुबडाचे डोळे खोबणीत हलत नाहीत. त्यामुळे ते मानच सुमारे 270 अंशांपर्यंत वळवतं.

पुठ्ठ्याचं डोकं फिरवता फिरवता आईला आपली आजी आठवली. छपरावरच्या पिंगळ्याला ती हाकलायची. पण पहाटे कंदील घेऊन भविष्य सांगत येणाऱ्या पिंगळा जोशाला सुपातून धान्य घालायची. उंदीर खाऊन शेत राखणारा पक्षीच तेवढा नकोसा का?

पिवळा खडू एका डोळ्यातच संपला. दुसऱ्याला हळद चालेल का, असं विचारत लेक स्वयंपाकघरात पळाली.