कॉम्प्रेसर गेला म्हणजे नेमके काय गेले?

मोटारीतला एसी म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असा आपल्या वस्त्यांतून सर्वसाधारण समज आहे. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात, जेथे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जाणे नवलाचे राहिलेले नाही, तेथे हा समज पुन्हा तपासून पाहावा लागतो. गडचिरोलीहून वैनगंगेचा पूल ओलांडून व्याहाड, सावली, मूल करत भरदुपारी चंद्रपूर गाठायचे, तर काचा उघडल्या की झळा आणि बंद केल्या की भट्टी! धडधाकट माणूस ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून निभावून नेतो. आजारी माणसाचे तसे नसते.

आमच्या घरी भाड्याने चालणारी एक जुनी गाडी आहे. तिच्यावर आमची दोन भावांची कुटुंबे जगतात. लग्नाची वऱ्हाडे, धम्म परिषदेला जाणारी मंडळी तिच्यातून जातात. पण उन्हाळ्यात जास्त फेऱ्या होतात त्या दवाखान्याच्या. त्यांत सिकलसेलचे रुग्णही असतात. हा रक्ताचा आनुवंशिक आजार या दोन्ही जिल्ह्यांत आदिवासी बांधवांत आहे, तसाच आपल्या समाजातही आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. अंगातले पाणी कमी झाले की हा त्रास उसळतो, आणि उन्हात पाणी कमी व्हायला वेळ लागत नाही. आमचा सख्खा भाचा ‘एसएस’ आहे. म्हणून एसीकडे आम्ही औषधाच्या पेटीसारखे पाहतो.

मागच्या उन्हाळ्यात ऐन हंगामात हा एसी बंद पडला. पॅनलवरचा दिवा लागत होता, पंखा जोरात फिरत होता, पण हवा गरम. भाचा मागच्या सीटवरून म्हणाला, “मामा, थंड लागत नाही जी.” गॅरेजमध्ये नेली. पाचच मिनिटांत निर्णय मिळाला: कॉम्प्रेसर गेला, नवा टाका. सांगितलेला आकडा ऐकून आम्ही दोघे भाऊ गप्प झालो. तेवढा पैसा म्हणजे गाडीच्या कर्जाचे कितीतरी हप्ते होते. “कशावरून गेला?” असे विचारले, तर उत्तर आले, “आम्हाला अनुभव आहे ना.”

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले होते की, एखादी गोष्ट ऐकिवात आहे, परंपरेने आली आहे किंवा सांगणारा मोठा आहे एवढ्यावरून ती मानू नका. स्वतः पारखून घ्या. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चांद्याच्या भूमीवर आपल्या वाडवडिलांना धम्मदीक्षा दिली, ती हा पारखण्याचा हक्क देणारी होती. तो हक्क विहारात जपायचा आणि गॅरेजमध्ये सोडून द्यायचा, हे बरे नाही. शिवाय धम्म सांगतो की कारणाशिवाय कार्य घडत नाही. मग हवा थंड होत नाही याचेही कारण असणार, आणि कारणांची साखळी कडी-कडीने तपासता येणार.

ती साखळी समजायला सोपी आहे. कॉम्प्रेसरची पुली बेल्टमुळे इंजिनाबरोबर सतत फिरतच असते. तिच्या पुढची चकती मात्र क्लचने ओढून धरली तरच फिरते. हा क्लच म्हणजे विजेचे चुंबक. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून रिले, रिलेमधून क्लचची कॉइल आणि तेथून अर्थ, असा विजेचा रस्ता. रिलेला हुकूम देतो पॅनलचा स्विच. पण त्याच्या वाटेत आणखी दोन पहारेकरी असतात. कूलिंग कॉइलवर बर्फ जमू लागला की थर्मोस्टॅट हुकूम तोडतो. गॅस फार कमी किंवा दाब फार जास्त असला की प्रेशर स्विच तोडतो. नव्या गाड्यांत तर पॅनल फक्त विनंती करते, क्लच लावायचा की नाही हे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. म्हणजे पॅनलचा दिवा लागला, एवढ्यावरून हुकूम कॉम्प्रेसरपर्यंत पोचला असे म्हणता येत नाही.

आमच्या मुलीने आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड केला आहे. तिने बॉनेट उघडले. इंजिन बंद, चावी चालू, एसीचे बटण दाबले. आमच्या गाडीत एवढ्यावर क्लचचा ‘टक्’ आवाज यायला हवा. आला नाही. मग तिने साधा टेस्टिंग बल्ब घेतला. मीटर का नाही, असे विचारल्यावर तिने समजावले की, गंजलेल्या वायरच्या एका तंतूवरही मीटर बारा व्होल्ट दाखवू शकतो. बल्ब खरा करंट ओढतो, त्यामुळे वायरचे खरे-खोटे कळते.

फ्यूजच्या दोन्ही टोकांना बल्ब लागला, म्हणजे फ्यूज ठीक. एसीचा आणि हॉर्नचा रिले एकाच नंबरचा होता. तिने एसीचा रिले हॉर्नच्या जागी लावला. हॉर्न वाजला, म्हणजे रिलेही ठीक. रिलेच्या जागेवर बटणाचा हुकूम येत होता, म्हणजे पॅनल, थर्मोस्टॅट आणि प्रेशर स्विच आपापले काम करत होते. आता कॉम्प्रेसरजवळचा कपलर सोडवून पाहिला, तर तेथे बल्ब लागेना. उलट बाजूने क्लचच्या कॉइलचा रोध मोजला. तो चार ओहमच्या आसपास भरला, म्हणजे कॉइल शाबूत. बॅटरीपासून फ्यूज लावलेली वेगळी वायर आणून तिने क्षणभर कॉइलला टेकवली आणि ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला.

कॉम्प्रेसरचा क्लच जिवंत होता. दोष उरला तो रिले आणि कपलर यांच्यामधल्या वायरीत. रेडिएटरच्या पट्टीखाली ही वायर लोखंडाच्या कडेला घासून उघडी पडली होती आणि आतले तांबे हिरवे होऊन तुटले होते. खराब भाग चकचकीत तांबे लागेपर्यंत कापला, त्याच जाडीचा नवा तुकडा सोल्डर करून जोडला, स्लीव्ह चढवली आणि वायर कडेपासून दूर बांधली. गॅसचा दाब गेज लावूनच कळतो, म्हणून तो ओळखीच्या एसी मिस्त्रीकडून तपासून घेतला. दाब बरोबर होता. वायर, स्लीव्ह आणि टेप यांचा खर्च चहा-नाश्त्याएवढा आला. दुसऱ्या दिवसापासून फेऱ्या सुरू झाल्या.

प्रत्येक वेळी असेच निघेल असे नाही. कॉम्प्रेसर खरोखर जाम होतो, कॉइल जळते, गॅस गळतो. गॅस नसताना कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवू नये. त्याचे तेल गॅसबरोबरच फिरते, त्यामुळे चांगला कॉम्प्रेसरही जळून जातो. गॅसच्या नळ्या घरी उघडू नयेत. डोळ्याला इजा होते. फ्यूजच्या जागी साधी तार लावणे म्हणजे गाडीला आग लावणे. इंजिन चालू असताना पदर, ओढणी आणि हात बेल्ट-पंख्यापासून दूर ठेवावेत. एवढी काळजी घेऊन, नवा भाग घेण्यापूर्वी मिस्त्रीला तीनच प्रश्न विचारा: कपलरपर्यंत करंट येतो का? कॉइलचा रोध किती? गॅसचा दाब किती? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही, तो मोजून दाखवतो.

आपल्या मुला-मुलींना या विद्या शिकवण्याचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. १९४२ साली बाबासाहेबांनी सरकारला दिलेल्या निवेदनात आपल्या विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी मदत मागितली होती. पुढे मजूरमंत्री असताना विजेचा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. त्यांच्या नजरेपुढे शिक्षणाचा जो विस्तार होता, त्यात कचेरीतली खुर्ची होती तशीच यंत्रशाळाही होती. तरीही आयटीआयला गेलेल्या मुलाकडे आपल्याच घरात कमीपणाने पाहिले जाते, आणि मुलीने वायरिंग शिकायचे म्हटले तर शेजारी हसतात. आमच्याकडेही हसले होते. त्याच शेजाऱ्यांची गाडी आता आमच्या दारात उभी असते.

उन्हाळा येण्यापूर्वी, फाल्गुनातच, ज्यांच्या घरी भाड्याची गाडी आहे त्यांनी बॉनेट उघडून वायरी पाहून घ्याव्यात. कंडेन्सरवर बसलेली कोळशाची धूळ पाण्याने हलक्या हाताने धुवावी, उंदरांनी कुरतडलेले काही दिसते का ते पाहावे. आणि गाडीत सिकलसेलचा रुग्ण असेल तर एसी चालू असला तरीही पाण्याची बाटली सोबत ठेवून त्याला दर थोड्या वेळाने पाणी पाजावे.