हाँगकाँग बंदरातला एक रविवार

मुले शिकली, नोकरीला लागली आणि आईवडिलांच्या हातात जहाजाची तिकिटे ठेवू लागली, असे दिवस आता आपल्याही वस्त्यांत आले आहेत. आम्ही उभयता असेच निघालो. अशा सहलीत एकेका शहराच्या वाट्याला आठ-नऊ तास येतात. तेवढ्यात सगळे पाहू म्हणणारा काहीच पाहत नाही. म्हणून हाँगकाँगमध्ये मोजकेच पाहायचे ठरवले. जाणाऱ्यांसाठी एक सूचना: भारतीय पासपोर्ट असेल तर २०१७ पासून तेथे जाण्यापूर्वी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. तो कागद छापून जवळ ठेवावा.

जहाज कावलूनच्या धक्क्याला लागते. उतरल्यावर थोड्याच अंतरावर १९१५ सालचा घड्याळाचा मनोरा आणि त्याच्याजवळ स्टार फेरीचा धक्का. हिरव्या-पांढऱ्या दुमजली बोटी खाडी ओलांडून दहा मिनिटांच्या आत पलीकडे सोडतात. आपल्याला कौतुक वाटावे अशी गोष्ट म्हणजे ही फेरी मुंबईहून गेलेल्या दोराबजी नवरोजी या पारशी गृहस्थाने सुरू केली. त्यांची कंपनी १८८८ सालची, आणि स्टार फेरी हे नाव १८९८ सालचे. मात्र मुंबईचा आणि या बंदराचा दुसराही एक संबंध आहे, तो कौतुकाचा नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. त्या अफूपायी युद्ध झाले आणि १८४२ च्या तहाने हे बेट इंग्रजांना मिळाले. मुंबईतल्या कितीतरी मोठ्या घराण्यांची संपत्ती त्याच व्यापारातली.

बोटीला वरचा वर्ग आणि खालचा वर्ग आहे. खाली इंजिनाची धडधड आणि तेलाचा वास, भाडे थोडे कमी. आम्ही खालीच बसलो. धक्का आला की निळ्या गणवेशातला खलाशी जाड दोर फेकतो आणि धक्क्यावरचा माणूस तो लांब आकड्याने अचूक पकडतो. याच फेरीचे वरच्या वर्गाचे भाडे २० सेंटवरून २५ करायचे ठरले, तेव्हा एप्रिल १९६६ मध्ये सो साउ-चुंग हा तरुण धक्क्यावर एकटा उपोषणाला बसला. त्याला अटक झाली आणि शहरात दंगल उसळली. प्रश्न पाच सेंटचाच होता असे मला वाटत नाही.

पलीकडे उतरून शिखराच्या रेल्वेकडे चालत निघालो. रस्ता मोठमोठ्या बँकांमधून जातो. रविवार होता. बँकांच्या सावलीत, पुलांखाली, वाहनांना बंद केलेल्या रस्त्यावर, पुठ्ठे अंथरून हजारो स्त्रिया बसलेल्या. कोणी डबे उघडले होते, कोणी एकमेकींचे केस कापत होत्या, कोणी फोनवर लेकराशी बोलत होत्या.

"अहो, मोर्चा आहे का हो?" पत्नीने विचारले.

मोर्चा नव्हे, सुट्टी. या घरकाम करणाऱ्या बाया, बहुतेक फिलिपाइन्स आणि इंडोनेशियातल्या. शहरात त्या तीन लाखांहून अधिक आहेत. आठवड्याला एक दिवस रजा हा त्यांचा कायद्याने हक्क आहे, पण राहायचे मालकाच्याच घरी, हाही नियम. मग रजेच्या दिवशी बसायचे कुठे? करार संपला की दोन आठवड्यांत देश सोडायचा. इतर परदेशी माणूस सात वर्षे राहिला की कायम वास्तव्याचा अर्ज करू शकतो, यांना ती वाट नाही. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ती नाकारली.

पत्नीने अनेक वर्षे लोकांच्या घरची धुणीभांडी करून मुलांची फी भरली. ती एका गटाजवळ थांबली. भाषा येईना, पण पिशवीतले शेंगदाण्याचे लाडू पुढे केले. त्यांनी सरकून पुठ्ठ्यावर जागा केली आणि ताटलीतल्या शेवयांमधला वाटा दिला. एकीने फोनवर शाळेच्या गणवेशातली मुलगी दाखवली. पत्नीने आपल्या नातवाचा फोटो दाखवला. माझ्या घड्याळाकडे दोघींचेही लक्ष नव्हते.

शिखराची रेल्वे १८८८ ची, दोराने ओढली जाणारी. चढ इतका की बाहेरच्या इमारती तिरक्या झाल्यासारख्या दिसतात. पुढचे आसन १९४९ पर्यंत गव्हर्नरसाठी राखीव असे. वरून सारे बंदर दिसते, फोटोतल्याहून सुंदर. पण मला तिथे १९०४ चा कायदा आठवला. त्या कायद्याने या टेकडीवर चिनी माणसाला राहायला मनाई होती. नोकर म्हणून राहिला तर चाले! आपल्याकडच्या गावाच्या वेशीला निदान कायद्याचा कागद लागला नाही; इथे सरकारने तो लिहून काढला. १९४६ साली तो रद्द झाला. आता तिथे घर घ्यायला फक्त पैसा लागतो, आणि तो किती, हे विचारण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही.

खाली आलो तेव्हा दिवे लागत होते. बाया पुठ्ठ्यांच्या घड्या घालत होत्या, जागा झाडून कचरा पिशवीत भरत होत्या. आमच्या जहाजाला दीड तास होता. फेरीच्या रांगेत आमच्यापुढे त्यांच्यातल्याच दोघी होत्या, रिकामे डबे घेऊन.