आधी आपल्या गावाचं पान उघडा

परदेशी सहलीला जाताना गाइडबुक कोणतं घ्यावं, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. मी अजिंठा-वेरूळचा परवानाधारक गाइड. पॅरिस किंवा क्योटो दाखवणं हे माझं काम नव्हे. पण तिकडून येणाऱ्यांच्या हातातली पुस्तकं वर्षानुवर्षं बघतोय. कोणतं पुस्तक माणसाला नीट नेतं आणि कोणतं तोंडघशी पाडतं, ते इथे लेण्यांच्या दारात कळतं. म्हणून माझं सांगणं असं, की ज्या मालिकेचं फ्रान्सचं पुस्तक घ्यायचं असेल, तिचंच भारताचं पुस्तक आधी मागून घ्या आणि आपल्या शहराचं पान काढा. सूचीत औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर दोन्ही बघा. नाव २०२३ मध्ये बदललं, त्यामुळे आवृत्ती किती जुनी तेही लक्षात येईल. फ्रान्सबद्दल पुस्तक खरं सांगतंय की नाही, हे तुम्हाला घरबसल्या कळायचं नाही. वेरूळबद्दल लगेच कळेल.

पहिली परीक्षा वारांची. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. गेल्या हिवाळ्यात एक वयस्कर परदेशी जोडपं मंगळवारी सकाळी वेरूळच्या फाटकाशी उभं होतं. त्यांच्या पुस्तकात हे वार उलटे छापले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचं विमान. मी त्यांना दौलताबादचा किल्ला दाखवला, घृष्णेश्वराला नेलं. पण ज्याच्यासाठी इतक्या लांबून आले ते कैलास लेणं राहिलं ते राहिलंच. त्या बाई पुस्तकाचं ते पान पुन्हा पुन्हा वाचत होत्या, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तुमच्यावरही पॅरिसात हीच पाळी येऊ शकते. तिथलं लूव्र मंगळवारी बंद असतं आणि ओर्से सोमवारी.

दुसरी परीक्षा रस्त्याची. टॅक्सी थेट अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत जाते असं लिहिलं असेल, तर लिहिणारा इथे आलेलाच नाही. फर्दापूरजवळच्या टी-पॉइंटला खासगी गाड्या थांबतात, पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसने जायचं, मग पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते, हेही पुस्तकात हवं.

तिसरी परीक्षा मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल थोडं सविस्तर बोलू द्या. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एक दरबाराचं चित्र आहे. टोकदार टोप्या घातलेले परदेशी लोक राजापुढे आले आहेत. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये मांडलं, की हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आणि समोर इराणच्या दुसऱ्या खुस्रोचे वकील. म्हणजे चित्र सातव्या शतकातलं ठरलं. हे मत पुस्तकांत इतकं मुरलं, की आजही पर्यटक मला ‘पर्शियन एम्बसी’ कुठे आहे असं विचारतात. आता वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यभर अजिंठ्याचा अभ्यास करून मांडलेला कालक्रम बघा. महायान काळातली जवळजवळ सगळी लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या आगेमागे, साधारण इ.स. ४६२ ते ४८० या दोनेक दशकांतच घडली. सोळाव्या लेण्यात हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहेच. हे खरं असेल, तर पुलकेशीचा त्या भिंतीशी संबंधच उरत नाही. अनेक अभ्यासक त्या चित्रात महासुदर्शन राजाची कथा बघतात. स्पिंक यांची वर्षं मात्र सगळ्यांना मान्य नाहीत. हान्स बॅकर यांच्यासारख्यांनी हरकत घेतली आहे. मी स्वतः स्पिंक यांच्या बाजूचा, तरी दोन दशकांत एवढं काम कसं उरकलं असेल, हा प्रश्न सव्विसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणासमोर उभा राहिलो की मलाही पडतो. पुस्तकाने हा वाद दोन ओळींत का होईना सांगावा. जे फर्ग्युसनचं मत ठाम सत्य म्हणून छापतं, ते रोमबद्दलही ऐकीव गोष्टीच छापत असणार.

हल्ली लोक म्हणतात, फोनमध्ये सगळं असतं, पुस्तक कशाला? फोनवर ‘अजिंठ्याला एक तास पुरे’ असंही असतं. ते कोणी लिहिलं, कधी लिहिलं, आत गेला होता का, काही पत्ता नसतो. छापील पुस्तकात निदान आवृत्तीचं साल असतं, लेखकाचं नाव असतं, आणि चूक निघाली तर जाब विचारायला प्रकाशक असतो.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. परदेशी निघालेली माणसं ‘अपूर्वाई’ किंवा मीना प्रभूंची पुस्तकं वाचतात आणि तयारी झाली असं समजतात. ती वाचावीतच, जाण्याची ओढ त्यांनीच लागते. पण बंद वार, नकाशा, पायऱ्या, स्वच्छतागृह हे सांगणं प्रवासवर्णनाचं काम नाही. त्या तोडीचं परदेशाचं मराठी गाइडबुक माझ्या पाहण्यात नाही. मराठी प्रकाशकांनी ते काढायला घ्यावं, आणि ज्याने ती गावं स्वतः पायी पालथी घातली आहेत त्याच्याकडूनच लिहून घ्यावं.