वाडा धोकादायक आहे, मग सोडत का नाही?

मे महिना आला की पुण्यात काही गोष्टी न चुकता होतात. हापूसच्या भावावरून घरोघरी चर्चासत्रं झडतात, नुकताच केलेला रस्ता पुन्हा खोदला जातो आणि महापालिकेच्या धोकादायक वाड्यांची बातमी पेपरात येते. पहिल्या दोन गोष्टींवर आपण तावातावाने बोलतो. तिसरी मात्र आपण, म्हणजे सकाळी लॅपटॉपची बॅग पाठीला लावून हिंजवडी-खराडीकडे पळणारी मंडळी, सहसा वाचत नाही. मग पावसात पेठेत कुठेतरी भिंत पडते, फोटो येतो आणि ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, "नोटीस दिली होती ना? मग सोडत का नाहीत हे लोक?"

प्रश्न रास्त आहे. माझी सख्खी आत्या कसबा पेठेतल्या अशाच एका वाड्यात राहत होती, त्यामुळे मला त्याचं उत्तर शोधणं भागच पडलं. वय बहात्तर, शाळेतून रिटायर झालेली, माडीवरच्या दोन खोल्या, भाडं महिना पंच्याऐंशी रुपये. (हो, पंच्याऐंशीच. शून्य राहिलेलं नाही.) गेल्या वर्षी वाड्याच्या दिंडीदरवाज्यावर नोटीस चिकटली आणि आमच्या घरात या विषयावर रोज रात्री परिषद भरू लागली.

आधी नोटिशीचं सांगतो. मुंबईसाठी १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा आहे, त्यात कलम ३५४. पुण्यासारख्या बाकीच्या महापालिकांसाठी १९४९ चा कायदा, त्यात कलम २६४. दोन्हींचा अर्थ साधारण एकच : बांधकाम पडण्याच्या बेतात असेल तर आयुक्त मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला ते पाडायला, टेकू द्यायला किंवा दुरुस्त करायला सांगू शकतात. इमारत रिकामी करून घेण्याचा अधिकार कलम २६८ मध्ये वेगळा दिला आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने अशा इमारतींचे चार वर्ग ठरवून दिले. सी-१ म्हणजे राहायला अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे माणसं आत असतानाच दुरुस्ती. आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी.

आपल्या भाषेत बोलायचं तर बग ट्रॅकरमधली सिव्हिअ‍ॅरिटीच की ही! मला तर पाहताक्षणी आवडली. आत्याचा वाडा सी-१ मध्ये होता. म्हणजे पी-वन तिकीट. पण आपल्याकडे पी-वन आलं की ते कोणाच्या नावावर आहे हे आधी बघतात. इथे नेमकी तिथेच गोची आहे.

माझा सिव्हिलशी संबंध पहिल्या वर्षाच्या अप्लाइड मेकॅनिक्सपुरता. म्हणून ओळखीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन गेलो. मला वाटलं हा आता मशीनबिशीन काढणार. त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे टोचला. निम्मा आत गेला. तो म्हणाला, काँक्रीटच्या इमारतीला हातोडी मारून किंवा ध्वनिलहरी सोडून ज्या चाचण्या करतात त्यांचा इथे फारसा उपयोग नाही. हा वाडा म्हणजे लाकडी सांगाडा आणि मातीत रचलेल्या विटा. तुळया, कडीपाट वरून धडधाकट दिसतात, पण कौलातून मुरलेलं पाणी भिंतीत उतरतं आणि भिंतीत दडलेलं लाकडाचं टोक कुजतं. त्यात नंतर माडीवर बांधलेल्या मोऱ्या आणि वर टाकलेल्या पाण्याच्या टाक्या. "वाडा शंभर वर्षं टिकतो रे," तो म्हणाला, "पण दर वर्षी कौलं शाकारली तर."

मग शाकारली का नाहीत? कॅन्टीनमधलं उत्तर तयार असतं : मालक लोभी, त्याला वाडा पडायलाच हवाय. असे मालक असतातही. पण आत्याचे मालक त्याच वाड्याच्या दर्शनी भागात राहायचे आणि त्यांच्याही देवघरात पावसाळ्यात बादली लावलेली असायची. चार भाडेकरू, सगळ्यांचं भाडं आत्यासारखंच. म्हणजे वाड्याचं वर्षाचं उत्पन्न चार हजार ऐंशी रुपये. गवंड्याने नुसत्या छपराच्या दुरुस्तीचे चाळीस हजार सांगितले होते. करा हिशोब!

हे भाडं एवढं कमी कसं राहिलं? १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यांना बांधलं. फाळणी आणि युद्धानंतरच्या घरटंचाईत ते योग्यच होतं, नाहीतर लोक रस्त्यावर आले असते. पण तात्पुरता म्हणून केलेला पॅच पन्नास वर्षं प्रॉडक्शनमध्ये राहिला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही असं सांगितलं. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा आहे. पण चार टक्के कशाचे? त्याच गोठलेल्या रकमेचे.

याच कायद्याचं कलम १४ तर मी दोनदा वाचलं. दुरुस्तीची जबाबदारी मालकाची. त्याने नाही केली तर भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, स्वतः दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. छान! फक्त एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त वळता करता येत नाही. आत्याच्या बाबतीत दोनशे पंचावन्न रुपये. चौघांनी मिळून चाळीस हजारांचं छप्पर केलं असतं तर पैसे वसूल व्हायला एकोणचाळीस वर्षं लागली असती. आत्या तेव्हा एकशे अकरा वर्षांची असेल.

वाडा पाडून नवीन बांधणं हाच शेवटी मार्ग उरतो, पण प्रॉपर्टी कार्डावर पाच भावांची नावं. एकाचीही सही अडली की बिल्डर पायरी चढत नाही. शनिवारवाड्याजवळच्या वाड्यांचं दुखणं अजून वेगळं. संरक्षित स्मारकांविषयीच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या बदलानंतर स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे. दुरुस्ती करायची तरी परवानगी हवी. आत्याचा वाडा त्या रेषेबाहेर, एवढंच नशीब.

आता मूळ प्रश्न. भाडेकरू का सोडत नाही?

मी आत्याला सगळ्या प्रकारे समजावून पाहिलं. स्क्रू ड्रायव्हरचा किस्सा सांगितला, फोटो दाखवले. आमच्याकडे कोथरूडला वेगळी खोली आहे, म्हटलं. ती शांतपणे ऐकायची आणि शेवटी एकदा म्हणाली, "अरे, मला काय वर बघता येत नाही का? पण मी कुलूप लावून निघाले की मी तिथे राहत होते याला पुरावा काय? तुझे ते फोटो?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंचेचाळीस वर्षांचं तिथलं राहणं हीच तिची मिळकत, आणि तो ताबा अंगाने तिथे असल्यावरच टिकतो असा पेठेतला अनुभव. नोटिशीत लिहिलेलं असतं की निघा. कुठे जायचं, किती दिवस, परत येताना किती जागा मिळणार, यातलं एक अक्षर आत्याच्या नोटिशीत नव्हतं.

हे फक्त आत्याचं नाही. मुंबईत भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला पडली, तेहतीस माणसं गेली. ती धोकादायक असल्याचं आधीच जाहीर होतं. काही कुटुंबं संक्रमण घरांत गेली होती, काही मागे राहिली होती. डोंगरीत १६ जुलै २०१९ ला केसरबाई इमारतीचा भाग पडला आणि ढिगारा उपसणं चालू असतानाच तो भाग म्हाडाचा की नाही यावर वाद सुरू झाला. आणि "मालक लोभी" या उत्तरावर समाधानी असणाऱ्यांनी माझगावच्या बाबू गेनू मंडईची इमारत आठवावी. २७ सप्टेंबर २०१३, एकसष्ट मृत्यू. तिची मालक खुद्द महापालिका होती आणि राहणारे तिचेच कर्मचारी.

मुंबईत निदान उपकरप्राप्त इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं. संक्रमण शिबिरं आहेत. त्यात गेलेली कित्येक कुटुंबं दशकानुदशकं तिथेच अडकली, हे पाहून मागे राहिलेले आणखी घट्ट बसतात, हा भाग वेगळा. पण ही व्यवस्था मुंबई बेटापुरती. कसब्यातल्या वाड्याला तिचा उपयोग नाही.

आमची कोंडी फुटली ती एका निकालामुळे. २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण भाडेपट्टा नुसत्या भिंतींचा नसतो, खालच्या जमिनीचाही असतो. वकिलांनी हे समजावल्यावर आत्या पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसली. मग म्हणाली, "बरं. पण किती जागा, ते कोण लिहून देणार?"

तेच करायचं ठरलं. चौघा भाडेकरूंनी मिळून अर्ज केला की वाडा रिकामा करण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप घेऊन त्याची नोंद द्यावी. तीन खेपा झाल्या. मग क्षेत्रीय कार्यालयातले कनिष्ठ अभियंता टेप घेऊन आले. साहेब तसे भले निघाले. "आजी, पोटमाळा धरायचा नाही हां," म्हणाले, आणि आत्याने त्यांच्याशी पोटमाळ्यावरून वीस मिनिटं हुज्जत घातली. दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि मोरी मिळून दोनशे अठ्ठेचाळीस चौरस फूट. पंचनामा झाला. मालकांनी सही केली. त्यांनाही ते हवंच होतं, उद्या बिल्डरसमोर बसताना आकडे भांडणाविना ठरलेले असतात. त्या एका कागदाच्या आत्याने पाच झेरॉक्स काढल्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ती आमच्याकडे आली. भाड्याचा चेक अजूनही दर महिन्याला जातो. त्यात खंड नाही.

जुलैच्या शेवटी एका रात्री मागची भिंत आणि तिच्यावरची मोरी खाली आली. वाड्यात कोणी नव्हतं. आत्याला सांगितलं तर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझं घंगाळ राहिलं रे तिथे."

आता माझं म्हणणं एवढंच आहे. जो कागद मिळवायला आम्हाला अर्ज आणि तीन खेपा लागल्या, तो नोटिशीला जोडूनच का येऊ नये? सी-१ ठरवायला अभियंता वाड्यात येतोच. त्याच खेपेला टेप लावायला अर्धा दिवस जास्त लागेल. 'निघा' या शब्दाबरोबर 'तुमच्या ताब्यात एवढी जागा होती' हे लिहून मिळालं तर निघणाऱ्यांची संख्या वाढेल, याबद्दल मला शंका नाही. आणि पावसाळ्याचे चार महिने डोकं टेकायची सोय पालिकेने करावी. सगळ्यांनाच कोथरूडचा भाचा नसतो. पोलीस आणून बाहेर काढणं, पाणी तोडणं हे उपाय आहेतच, पण त्यांनी घाबरलेला माणूस दार आतून लावून घेतो.

आणि ज्यांना हे सगळं पेठेतल्या म्हाताऱ्यांचं प्रकरण वाटतंय त्यांच्यासाठी थोडा गृहपाठ. त्याच १९४९ च्या कायद्यात २६५-अ नावाचं कलम आहे. इमारतीला तीस वर्षं झाली की नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून मजबुतीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. मुंबईच्या कायद्यातही तसंच आहे. १९९५ साली ताबा मिळालेल्या सोसायटीची तीस वर्षं २०२५ मध्ये भरली. आमची त्यातलीच. पार्किंगच्या छतातून गंजलेल्या सळ्या दिसतात, आणि कन्व्हेयन्स झालेलं नसल्यामुळे जमीन कागदोपत्री अजून मूळ मालकाच्या नावावर आहे. म्हणजे मालक कोण, दुरुस्ती कोण करणार, हे प्रश्न पेठेतून निघून कोथरूडला पोचलेत. पुढच्या रविवारी जनरल बॉडी आहे. अजेंड्यावर गणपतीची वर्गणी, सीसीटीव्ही आणि कुत्र्यांचा त्रास आहे. स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय मी लेखी दिलाय, सेक्रेटरी म्हणाले, "वेळ उरला तर घेऊ."

आत्या म्हणते, मी पण येते मीटिंगला. येऊ दे. पोटमाळ्यावरून वीस मिनिटं भांडणारी बाई आहे, वेळ उरवून घेईल.